खाचेवरचा कर

दि. ५ जानेवारी

चि. फौजदार हिस,
अ. उ. आ. वि. वि.

टाइप केलेलं पत्र बघून दचकू नकोस. बँकेची नोटीस नाही, तुझा मामाच आहे. कारखान्यातला हिशोबाचा कॉम्प्युटर दुपारी रिकामा असतो, त्यावर एका बोटाने ठोकतो आहे. हल्ली सगळे असंच करतात म्हणे, मग मीच का मागे राहू? दोन ओळींना अर्धा तास लागतो, पण बोट आहे आणि वेळ आहे.

इकडे सगळं ठीक. तुझी मामी खुशाल आहे, म्हणजे दिवसातून चारदा माझ्यावर ओरडते. रंगाच्या खोलीतला आपला रंगारी अजूनही गुणगुणत पेन्सिली बुडवतो आणि अजूनही एकच ओळ गुणगुणतो. पॅकिंगच्या बायका तुझी आठवण काढतात.

आता कामाचं. गेली सव्वीस वर्षं आपण लाकडाच्या पट्ट्या ज्या ठोक व्यापाऱ्याकडून घेतो, तो मार्चअखेर गाशा गुंडाळतोय. तोच परदेशातून माल आणायचा, बंदरावर सोडवायचा आणि आपल्या दारात टाकायचा. कर किती बसला, भाडं किती गेलं, मी जन्मात विचारलं नाही. आता ते सगळं माझ्या गळ्यात आलंय.

नेमकी हीच वेळ वाईट. शाळांना वह्या-पेन्सिली पुरवणारी एक मोठी कंपनी आपल्याकडून तीन वर्षं माल घ्यायला तयार आहे. पण तिन्ही वर्षांचा भाव त्यांना आधीच बांधून हवा, ३१ मार्चच्या आत. मी आणि मामीने बसून पाहिलं. पट्ट्यांचा गठ्ठा आपल्या दारात एकशे अठराच्या आत पडला तर जमतं. वर गेला तर त्यांना नाही म्हणावं लागेल, आणि नाही म्हटलं तर वर्षअखेर कारखान्याला कुलूप. शेजारचा नटबोल्टवाला शेडवर डोळा ठेवून आहेच. परवा माझ्यादेखत पावलं टाकत लांबी मोजून गेला, वर मलाच नमस्कार केला.

दोन ठिकाणांहून भाव आलेत. उत्तरेकडच्या देशातला व्यापारी गठ्ठ्याला शंभर म्हणतो, बेटांच्या देशातला एकशे आठ. माझं म्हणणं, यात विचार कसला करायचा, उत्तरेचा घेऊन टाकू. पण मामी म्हणाली की पोरीला आधी विचारा, ती बंदरावर काय माशा मारायला बसलीय का? म्हणून विचारतोय. फोनवर सांगू नकोस, कानाने ऐकलेला आकडा मला दुसऱ्या दिवशी आठवत नाही. लिहून पाठव.

जेवणखाण वेळेवर करत जा. लोभ आहेच, तो असाच चालू ठेव.

तुझा,
मामा


दि. १३ जानेवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं छापील पत्र मिळालं. आमच्या ऑफिसात डाक वाटणाऱ्या बाईंनी 'फौजदार' हे नाव मोठ्याने वाचलं, तेव्हापासून तिसऱ्या मजल्यावर मला कोणी दुसऱ्या नावाने हाक मारत नाही. ही तुमची कृपा.

एक आनंदाची बातमी. परीक्षेचा निकाल लागला आणि एक तारखेपासून गिऱ्हाइकांचा माल सोडवण्याच्या कागदांवर माझी सही चालते. आतापर्यंत मी फॉर्म भरायचे आणि साहेब सही करायचे. आता माझ्या सहीने पेट्या बंदराबाहेर पडतात. टेबल मात्र तेच आहे, झेरॉक्स मशीनला खेटून, त्यामुळे डावा दंड कायम गरम.

आता तुमच्या पट्ट्या. मामा, नुसता भाव बघून लाकूड घेऊ नका हो! सरकार कर लावतं तो भाव आणि जहाजाचं भाडं दोन्ही धरून. उत्तरेकडून माल यायला लांब पडतं, गठ्ठ्याला नऊ भाडं. म्हणजे शंभराचे झाले एकशे नऊ. त्यावर लाकडाच्या पट्ट्यांना बारा टक्के कर. गठ्ठा पडला एकशे बावीसला. तुमची एकशे अठराची रेघ तिथेच ओलांडली.

बेटांचा देश जवळ आहे, भाडं चार. एकशे आठचे एकशे बारा. आणि त्या देशाशी आपला व्यापाराचा करार झालेला असल्यामुळे लाकडाच्या पट्ट्यांवर कर शून्य. तुम्ही बरोबर वाचलंत, शून्य. महागातलं लाकूड दारात दहाने स्वस्त पडतं.

त्याला अट एक आहे. माल कुठल्या बंदरात जहाजावर चढला हे कोणी विचारत नाही, झाड कुठे उगवलं हे विचारतात. तसा दाखला तिथल्या सरकारचा लागतो. काही व्यापारी उत्तरेचंच लाकूड बेटांवर उतरवून, त्यावर नवीन कागद चिकटवून पाठवतात आणि मग इकडे आयातदार अडकतो. म्हणून मी बेटांच्या व्यापाऱ्याला खोदून विचारलं. त्याने जंगलाचा नकाशाच पाठवून दिला, झाडांची वयं घालून. माणूस सरळ वाटतो.

त्यांचं लाकूड जरा मऊ असतं असं कळतं. तेव्हा यंत्रावर शिशासाठी खाचा पाडताना पातं केसभर वर ठेवा. बघा, मी कोणाला शिकवतेय! तुम्ही डोळे मिटून खाच पाडाल. लहानपणी मी त्या यंत्राशेजारी भुशाच्या पोत्यावर बसून गृहपाठ करायचे, तो घर्रर्र आवाज अजून कानात आहे.

दोघांची प्रकृती कशी आहे? तुमचा नियम पाठ आहे मला, पत्रात दुखणीखुपणी लिहायची नाहीत. मी होस्टेलवर रडू नये म्हणून काढलेला नियम, अजून कशाला चालू ठेवलाय कोण जाणे. तरी विचारते.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
फौजदार


दि. २१ जानेवारी

चि. फौजदार हिस,
अ. उ. आ. वि. वि.

सही मिळाल्याचं वाचून मी पत्र घेऊन अख्ख्या कारखान्यात फिरलो. रंगाऱ्यालासुद्धा वाचून दाखवलं, तो गुणगुणायचा थांबला, यातच काय ते समज. मामीने डोळे पुसले आणि मग मला विचारलं की काम सोडून इथे काय करताय.

तुझा हिशोब दोनदा वाचला. तिसऱ्यांदा मामीने वाचून दाखवला, तेव्हा पटला. बेटांच्या व्यापाऱ्याला काल मागणी पाठवून दिली, सहा महिन्यांचा माल. जहाज दहा मार्चला निघेल म्हणतो. कागदपत्रं थेट तुझ्या ऑफिसला पाठवायला सांगितली आहेत. तूच सोडव. आपल्या घरचा माल आपल्या पोरीच्या सहीने सुटणार, आणखी काय पाहिजे!

नटबोल्टवाल्याला आज मुद्दाम चहाला बोलावलं आणि सांगितलं की आम्ही तीन वर्षं कुठे जात नाही. त्याचा चहा कपातच राहिला.

प्रकृती ठणठणीत. दोघांचीही. आणखी काही विचारू नकोस.

तुझा,
मामा


दि. १२ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र घाईचं आहे, शांतपणे बसून वाचा आणि मामीला जवळ बसवा.

आज बेटांच्या व्यापाऱ्याची कागदपत्रं आली. मालाच्या वर्णनात लिहिलंय, पेन्सिलीसाठी खाचा पाडलेल्या लाकडी पट्ट्या. मी तीनदा वाचलं. मग त्याला विचारलं. तो म्हणतो तुमच्या मामांनी खाचा पाडलेल्याच मागवल्या होत्या, मी भावही त्याचाच दिला होता.

मामा, साधी पट्टी म्हणजे लाकूड. तिला शिसं बसवायची खाच पाडली की सरकारच्या लेखी ते लाकूड राहत नाही, तो पेन्सिलीचा भाग होतो. त्याचं कलम वेगळं, दर वेगळा. वीस टक्के. आणि आपल्या करारात पेन्सिलीचे भाग नाहीतच, त्यामुळे बेटांवरून आलं तरी सूट नाही. गठ्ठा पडतो एकशे चौतीसला. हाच खाचांचा माल उत्तरेकडून आणला असता तर एकशे एकतीसला पडला असता. म्हणजे खाचा पाडलेल्यात उत्तर स्वस्त आणि साध्यात बेटं. पण एकशे अठराच्या आत खाचवालं कुठलंच बसत नाही.

चूक माझी आहे. मी तुम्हाला विचारायलाच हवं होतं. रोज मी अनोळखी माणसांना पहिला प्रश्न हाच विचारते की माल नक्की कसा आहे, त्यावर काय काम झालंय. तुम्हाला विचारलं नाही, कारण मला वाटलं मला ठाऊकच आहे. आपल्याकडे पट्ट्या साध्या येतात आणि खाचा तुम्ही पाडता. मी त्या भुशाच्या पोत्यावर बसूनच तुमचा कर काढला. ज्या कामाची मला सही दिली, त्यात पहिल्याच घरच्या माणसाला मी बुडवलं. कपाळावर हात मारून घेण्यापलीकडे काही सुचत नाही.

पण तुम्ही खाचवाल्या का मागवल्या? आपलं यंत्र आहे ना?

आता एक मनात आलं ते लिहिते. वाचून फाडून टाका. व्यापारी वर्णनातला खाचांचा शब्द गाळून नुसतं 'लाकडी पट्ट्या' लिहायला तयार आहे. शंभरातल्या पाच-सहा खेपाच उघडून बघतात. फॉर्म मीच भरणार आहे आणि सहीही माझीच आहे. तुम्ही फक्त हो म्हणा, बाकीचं माझ्याकडे लागलं.

उत्तराची वाट बघते. रागावा, पण लिहा.

तुमची,
फौजदार


दि. १७ फेब्रुवारी

चि. फौजदार हिस,
अ. उ. आ.

तुझ्या पत्राचा तो भाग फाडून टाकला. मामीला दाखवलासुद्धा नाही, इतकी मला लाज वाटली. तुझी नाही, माझी. पोरीला असं सुचावं इतकी वेळ मी तिच्यावर आणली.

सही मिळून दोन महिने नाही झाले आणि ती माझ्या पट्ट्यांवर उधळायला निघालीस? चार वर्षं दिवसा नोकरी आणि संध्याकाळी अभ्यास केलास तो काय यासाठी? कारखाना माझा आहे. चालला तर चालला, नाहीतर बंद पडला. तुझी सही खोट्या कागदावर पडली असं मला कळलं, तर त्या लाकडाची एक पेन्सिल मी बनवणार नाही. हे शेवटचं. यावर परत लिहायचं नाही.

चूक तुझी नाही. मी सांगायला हवं होतं. गेली दोन वर्षं मी व्यापाऱ्याकडून खाचवाल्याच पट्ट्या घेतोय. यंत्र जुनं झालंय.

त्या कंपनीला नाही कळवायचं ठरवलंय. खेप रद्द करायची तर दंड किती, ते तुझ्या साहेबांना विचारून कळव. नटबोल्टवाल्याला एक तारखेला बोलावलंय. पॅकिंगच्या बायकांपैकी तिघींना तो ठेवून घेईन म्हणतो. रंगाऱ्याचं अजून ठरत नाही.

मनाला लावून घेऊ नकोस. पोटभर जेव.

तुझा,
मामा


दि. १८ फेब्रुवारी

चि. बाळ हिस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझे मामा टपालात पत्र टाकून आले आणि माझ्याकडे न बघता मागच्या दारी जाऊन बसले, तेव्हाच मी ओळखलं की यांनी काहीतरी अर्धंच लिहिलं असणार. कॉम्प्युटरवर पत्र तसंच उघडं होतं. वाचलं. फाडलेल्या भागात काय होतं ते मी विचारणार नाही. त्यांनी लाज वाटली असं लिहिलंय, त्यावरून समजले. पुन्हा तसं मनात आणू नकोस, एवढंच माझं म्हणणं. आता तुमचा तो नियम मी मोडते. मी काही तो केला नव्हता.

यंत्राला काहीएक झालेलं नाही. यांचे हात थरथरतात. अडीच वर्षं झाली. आधी उजवा, आता दोन्ही. म्हणून तर पत्रं टाइप होतात, नाहीतर हा माणूस कधी कॉम्प्युटरला हात लावणार होता? सही करताना पेन कागदभर नाचतं. डॉक्टर म्हणतात गोळ्यांनी ताब्यात राहील, जाणार नाही.

यंत्राचं पातं बसवायला तो मुगाच्या दाण्याएवढा स्क्रू असतो, तुला माहीत आहे. तो केसभर फिरवायचा असतो. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी यांचा हात चालत्या पात्याकडे घसरला. मी शेजारी होते, खटका बंद केला. नखावर निभावलं. त्या दिवशी यंत्रावर कापड टाकलं ते आजपर्यंत काढलेलं नाही. दुसरा माणूस ठेवा म्हटलं तर ठेवला, आणि चौथ्या दिवशी त्याला हाकलून दिला, कारण काय तर तो शीळ घालतो. खरं कारण मला ठाऊक आहे. आपल्या जागी दुसऱ्याला उभा बघवेना. मग व्यापाऱ्याकडून तयार खाचा आणायला लागले आणि मला शपथ घातली की पोरीला कळवायचं नाही.

मला तुझ्यावरही राग आहे आणि यांच्यावरही. तू विचारलं नाहीस, यांनी सांगितलं नाही, दोघांनाही एकमेकांची काळजी, आणि या काळजीपायी कारखाना चाललाय नटबोल्टवाल्याच्या घशात.

आता मला दोन गोष्टी सरळ लिही. एक, त्याच व्यापाऱ्याकडून साध्या पट्ट्या मागवल्या तर गठ्ठा कितीला पडेल. दोन, मागणी बदलायला किती दिवस आहेत. यंत्राचं मी बघते.

अंगावर पांघरूण घेऊन झोपत जा, तुला सर्दी लवकर होते. आहे तशीच आमची राहा.

तुझी,
मामी


दि. २२ फेब्रुवारी

ती. मामीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसातच फोडलं ते चुकलं. जिन्यात जाऊन रडले. दोनदा सुट्टीला येऊन गेले मी या काळात, आणि माझ्या लक्षात आलं नाही. मामा जेवताना वाटी उचलून पीत होते, मला वाटलं घाई आहे. चहाचा कप तू अर्धाच भरायचीस, मी तुलाच कंजूष म्हटलं होतं. मामी, मला मार.

तुझ्या दोन गोष्टी. व्यापाऱ्याशी बोलले. साध्या पट्ट्यांचा भाव तो एकशे एक देतो, कारण खाचा पाडायचं काम त्याचं वाचतं. भाडं चार. बेटांचं लाकूड, साधं, करारात बसतं, कर शून्य. गठ्ठा दारात एकशे पाचला. झाडाचा दाखला तोच चालेल.

मुदत अठ्ठावीस फेब्रुवारी, दुपारी बारापर्यंत. तो खाचा अगदी शेवटी पाडतो, म्हणून माल अजून साधाच पडून आहे. अठ्ठावीसला दुपारी यंत्रावर चढवला की मग काही करता येणार नाही. बदलाचा कागद मामांच्या ई-मेलवरून जायला हवा, मागणी त्यांच्या नावाने आहे.

यंत्राचं बघते म्हणजे काय करणार आहेस? खाच एका बाजूला जरा खोल गेली तर शिसं मधोमध बसत नाही, हे मी तुला सांगायला नको. साध्या पट्ट्या आल्या आणि खाचा नीट पडल्या नाहीत, तर तो माल ना आपल्याला ना कोणाला. जे करशील ते अठ्ठावीसच्या आत आजमावून बघ. आणि मला सगळं कळलंय असं मामांना सांग. मला त्यांच्यावर रागावता येत नाही, तू माझ्या वाटचंही रागाव.

दोघांनी माझ्यावर जीव ठेवा.

तुझी,
बाळ


दि. २७ फेब्रुवारी

चि. फौजदार हिस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या मामीने माझी पत्रं वाचली, शपथ मोडली आणि माझं यंत्र बळकावलं. एका आठवड्यात एवढं. तक्रार कुठे करायची ते तुमच्या ऑफिसात विचारून कळव.

झालं असं की एकोणीस तारखेला सकाळी मी दात घासत होतो, तर शेडमधून घर्रर्र ऐकू आलं. तसाच धावलो. ही बाई पदर खोचून, कापड बाजूला फेकून यंत्रापुढे उभी. जुन्या व्यापाऱ्याकडच्या, तेव्हा उरलेल्या साध्या पट्ट्यांचा एक गठ्ठा माळ्यावर होता, तो खाली काढलेला. मी ओरडलो. ती म्हणाली की ओरडायचं असेल तर बाहेर जाऊन ओरडा, इथे राहायचं असेल तर स्टुलावर बसा आणि खोली किती ठेवू ते सांगा. बसलो. काय करणार? हात खिशात घातले.

पहिल्या दिवशी तिने साठ पट्ट्या केल्या, मी चव्वेचाळीस बाद केल्या. मनातून मला बरं वाटत होतं, खरं सांगतो. वाटलं, येईल दमून आणि देईल सोडून. तुला आठवतं ना, दोन पट्ट्यांच्या मध्ये शिसं ठेवून चिकटवायचं, मग कापून पेन्सिल करायची, तासायची आणि टोकाकडून बघायचं की शिसं मधोमध आहे का. तिने तेच धरलं. दुसऱ्या दिवशी अकरा पेन्सिली तासल्या, सातांत शिसं कलतं. तिसऱ्या दिवशी तीन. मी म्हटलं की स्क्रू फिरवताना तू श्वास घेतेस, तिथे हात हलतो. श्वास धरायचा. तीस वर्षं मी हे कोणाला सांगितलं नव्हतं, आणि त्या शीळवाल्याला तर मुळीच नाही.

काल सकाळी अकराच्या अकरा मधोमध. मी भिंग लावून बघितल्या. रंगाऱ्याला बोलावून त्याला दाखवल्या. बाद करायला एक सापडेना. मग मी मागच्या दारी जाऊन बसलो थोडा वेळ.

तुला काय लिहू? तो हात घसरला, त्या दिवसापासून मी यंत्राकडे पाठ करून शेडमधून जायचो. मला वाटायचं हात गेले म्हणजे मी गेलो. तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू नोकरी सोडून इथे येऊन उभी राहिली असतीस. राहिली असतीस ना? म्हणून नाही सांगितलं.

आज सकाळी नऊ वाजता साध्या पट्ट्यांचा बदल पाठवला. व्यापाऱ्याचं हो आलं. नटबोल्टवाल्याला नको येऊस म्हणून निरोप धाडला. शाळांच्या कंपनीला भाव मामी उद्या कळवते, भाव करण्यात ती माझ्यापेक्षा कडक आहे.

तुझ्या माणसांना सांभाळून घे.

तुझा,
मामा


दि. ४ एप्रिल

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

माल सुटला. ट्रक आज दुपारी निघाला, परवा तुमच्या दारात.

नेमकी आपलीच खेप उघडली हो त्यांनी! शंभरातल्या पाच-सहामध्ये आपण. तपासणी अधिकारी शिस्तीचा माणूस, दोन पेट्या फोडून पट्ट्या उन्हात नेल्या आणि दोन्ही बाजूंनी अंगठा फिरवून बघितल्या. मी शेजारी उभी होते. तुम्ही पत्राचा तो भाग फाडला नसता, तर आज मी तिथे कशी उभी असते हा विचार मनात आला. त्याने झाडाचा दाखला उजेडात धरला, शिक्का मारला आणि कराच्या रकान्यात शून्य लिहिलं. मग मी खाली सही केली. फार दिवसांनी इतकी सावकाश सही केली.

मामा, त्या दिवशी जे लिहिलं त्याची मला लाज वाटते. तुम्ही परत लिहायचं नाही म्हणालात, म्हणून एवढंच.

आणि राहिली असते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर. नोकरी सोडून येऊन उभी राहिलेच असते. ते तुम्ही बरोबर ओळखलंत, पण निवडायचं मला द्यायला हवं होतं. यापुढे दुखणं लिहायचं. गोळ्यांची नावंसुद्धा. हा नवीन नियम आहे आणि तो फौजदाराने केलाय.

मामीला माझा नमस्कार, आणि तिला सांगा की स्क्रू फिरवताना श्वास धरतेस तसा माझ्याशी बोलताना धरत जाऊ नकोस, मनात असेल ते बोल.

माझ्यावरचा हात काढू नका.

तुमची,
फौजदार


दि. ११ मे

चि. फौजदार हिस,
अ. उ. आ. वि. वि.

नवीन नियमाप्रमाणे आधी दुखणं. सकाळी एक पांढरी गोळी, संध्याकाळी अर्धी. सकाळी दहा ते बारा हात बरे असतात, नंतर पुन्हा सुरू. शर्टाची बटणं मामी लावते आणि लावताना बोलते. चमच्याने आमटी सांडते, वाटीने सांडत नाही. झालं, लिहिलं. वाटलं होतं तितकं अवघड गेलं नाही.

बेटांचं लाकूड खरंच मऊ आहे. पातं केसभर वर ठेवावं लागलं, तू म्हणाली होतीस तसंच. मामी दिवसाला नऊशे पट्ट्या काढते. माझं काम आता बघण्याचं. पॅकिंगमधली एक बाई पेन्सिली तासून देते, मी टोकाकडून बघतो आणि बाजूला ठेवतो. बाद फारशा निघत नाहीत. तरी दिवसाला एखादी मी बाद करतोच, नाहीतर मामीला वाटेल की मला दिसायचंही बंद झालं. शाळांची पहिली खेप गेल्या सोमवारी रवाना झाली. माल चढवताना नटबोल्टवाला कुंपणावरून बघत होता, मामीने त्याला खुशाल हात केला.

वाईट वाटतं का, असं तू विचारणार. वाटतं. सकाळी घर्रर्र सुरू झालं की हात आपोआप पुढे येतात, आणि मग आठवतं. पण आवाज ऐकायला बरं वाटतं, हेही तितकंच खरं. दोन वर्षं शेड मुकी होती.

आता काम. ऑक्टोबरची मागणी पाठवायची आहे. देश तोच, व्यापारी तोच, पट्ट्या साध्या. हे 'साध्या' मी ठळक टाइप केलंय, बघून घे. माल सोडवायचा फॉर्म तूच भरतेस, या वेळी तो भरून इकडे सहीला पाठव. सगळं मागच्यासारखं लिही. फक्त आयातदार म्हणून मागच्या वेळी माझं नाव होतं, तिथे तुझ्या मामीचं घाल. परवाना तिच्या नावावर करायचा अर्ज कारकुनाकडे तयार आहे, दोन्हींवर तिची सही लागेल.

ती नाही म्हणणार. म्हणणार की तुम्ही असताना माझं नाव कशाला, आणि मग चार दिवस माझ्याशी धड बोलणार नाही. मी तिच्यापुढे कागद ठेवला तर ती उचलणारही नाही. म्हणून तूच तिला वेगळं पत्र लिही. लिही की खाच जो पाडतो, त्याच्याच नावाने माल सुटतो, असा कराच्या खात्याचा नियम आहे. तसा नियम नसला, तरी लिही.

लोभ दोघांवर सारखाच असू दे.

तुझा,
मामा